लेक्चर सगळे बघून झाले, तरी ॲडव्हान्स्ड अकाउंटिंगला ३४ का आले?

बार्शीच्या एका मुलीने विचारलंय, तिचा प्रश्न थोडक्यात असा. बीकॉम झालं, डायरेक्ट एंट्रीने, म्हणजे सीएची पहिली परीक्षा न देता, मधल्या सीए इंटरला रजिस्टर झाली, दिवसभर एका टॅक्स कन्सल्टंटकडे नोकरी आणि अभ्यास सगळा ऑनलाइन. मेच्या अटेम्प्टला तीन पेपरांचा ग्रुप १ दिला, त्यात ॲडव्हान्स्ड अकाउंटिंगला ३४, लॉ ५२, टॅक्स ४६. अकाउंट्सचे १९० तासांचे लेक्चर पूर्ण झाले होते, वर शेवटी फास्टट्रॅक (झटपट उजळणीचा कोर्स) पण बघितला. आता घरचे म्हणतात एकतर पुण्याला जाऊन क्लास लाव नाहीतर हे सोड, आणि तिचं म्हणणं असं की फक्त ६ मार्कांनी राहिलं, तर सप्टेंबरला लगेच परत बसू का?

मी सोलापुरात २००९ पासून प्रॅक्टिस करते आणि संध्याकाळी इंटरच्या काही मुलांचं अकाउंट्स बघते. तुझ्या वयाच्या दोन मुली माझ्याच ऑफिसात आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या ट्रेनिंगला आहेत, म्हणून सरळ तू म्हणते, राग मानू नकोस.

आधी मार्कांचं बघू, कारण तिथेच गैरसमज आहे. तू ६ मार्कांनी राहिली नाहीस. प्रत्येक पेपरला ४० ही एक अट झाली, दुसरी अट म्हणजे ग्रुपच्या एकूण मार्कांना ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५०. तुझी बेरीज ३४ अधिक ५२ अधिक ४६ म्हणजे १३२. समज अकाउंट्सला बरोब्बर ४० आले असते तरी १३८ होऊन निकाल तोच लागला असता. तू १८ मार्कांनी मागे आहेस, आणि लॉ-टॅक्स असेच राहिले तर अकाउंट्सला किमान ५२ पाहिजेत. त्यामुळे ४० धरून अभ्यास करूच नकोस, ६० धरून कर. ६० आले तर या दोघांत थोडं कमीजास्त झालं तरी ग्रुप निघतो, आणि समजा नाही निघाला तरी त्या पेपरचं एक्झेम्प्शन, म्हणजे तो परत न देण्याची सूट, पुढच्या ३ अटेम्प्टपर्यंत हातात राहतं. तिन्ही पेपरांत ६० काढायला सगळ्यात सोपा पेपर हाच आहे बरं का. लॉमध्ये तू कितीही छान लिहिलंस तरी तपासणारा हात राखून मार्क देतो, अकाउंट्समध्ये आकडा बरोबर आला की मार्क द्यावेच लागतात.

आता मुख्य मुद्दा, १९० तास बघूनही ३४ का.

तू लिहिलंयस की लेक्चर १.७५ किंवा २ च्या स्पीडने बघायचे, सर सोडवतील ते उदाहरण वहीत उतरवून घ्यायचे, मग पुढचं लेक्चर. मॉड्यूलमधली, म्हणजे सीए इन्स्टिट्यूटच्या पुस्तकातली, किती उदाहरणं एकटीने सोडवली यावर तुझ्या मेसेजमध्ये एक ओळ पण नाही. मला वाटतं तुझे मार्क तिथे गेले. सर बोर्डवर सोडवत असतात तेव्हा पुढची स्टेप काय घ्यायची हा निर्णय सर घेतात, आपण फक्त मान डोलावतो, आणि प्रत्येक स्टेप पटत जाते म्हणून आपल्याला येतंय असं वाटतं. परीक्षेत समोर फक्त प्रश्न असतो, कुठून सुरू करायचं हेच सुचत नाही, १० मिनिटं त्यात जातात आणि मग घाई.

एक साधं उदाहरण देते, मोबाइल बाजूला ठेव आणि खरंच कागद घे.

एएस २, म्हणजे इन्व्हेंटरीच्या व्हॅल्युएशनचं अकाउंटिंग स्टँडर्ड. कंपनीचा वर्षाचा फिक्स्ड प्रॉडक्शन ओव्हरहेड (माल कितीही बनवला तरी तेवढाच राहणारा कारखान्याचा खर्च) २,००,००० रुपये. नॉर्मल कपॅसिटी २०,००० युनिट. यंदा मागणी कमी म्हणून बनवले १६,०००, विकले १४,०००, शिल्लक २,०००. ओपनिंग स्टॉक काही नाही. तर क्लोजिंग स्टॉकमध्ये फिक्स्ड ओव्हरहेड किती धरायचा?

माझ्याकडे दर बॅचला हे देते. सगळ्यांनी एएस २ चं लेक्चर बघितलेलं असतं, 'नॉर्मल कपॅसिटी' हा शब्द सगळ्यांना तोंडपाठ असतो, आणि तरी निम्मी मुलं २,००,००० ला १६,००० ने भागतात, १२.५० येतात, गुणिले २,००० म्हणजे २५,०००. चूक. दर काढायचा नॉर्मल कपॅसिटीवर, २,००,००० भागिले २०,०००, म्हणजे १० रुपये, आणि स्टॉकमध्ये जातात २०,०००. बनवलेल्या १६,००० युनिटांवर १,६०,००० बसले, उरलेले ४०,००० थेट त्या वर्षीच्या प्रॉफिट अँड लॉसला खर्च. मशीन रिकामं बसलं त्याचा भुर्दंड स्टॉकच्या किमतीत लपवून पुढच्या वर्षी ढकलता येत नाही, स्टँडर्डचं म्हणणं एवढंच. मग मी लगेच आकडा बदलते, यंदा २५,००० युनिट बनवले तर? आता ज्यांनी आत्ताच शिकलेलं घोकलं ते परत २०,००० ने भागतात, १० रुपये, पण २५,००० गुणिले १० म्हणजे २,५०,००० होतात आणि खर्च तर २,००,०००च झालाय ना! म्हणून प्रॉडक्शन असं खूप जास्त झालं की प्रत्यक्ष युनिटांनी भागायचं, ८ रुपये. म्हणजे नियम एकच नाही, दोन बाजू आहेत, आणि ही दुसरी बाजू लेक्चरमध्ये दीड मिनिटात होते, २ च्या स्पीडने पाऊण मिनिटात.

तर पद्धत बदलायची ती अशी. लेक्चरमध्ये उदाहरण स्क्रीनवर आलं की पॉज. प्रश्न पूर्ण वाच, आणि स्वतः सोडवायला घे, येवो न येवो १५ मिनिटं द्यायची. अडलीस तर जिथे अडलीस तिथे पेन्सिलने फुली मार आणि मग प्ले कर. आता सर सांगतील ते नुसतं ऐकू येणार नाही, त्या फुलीचं उत्तर म्हणून ऐकू येईल, आणि ते डोक्यात राहतं. याने १ तासाचं लेक्चर अडीच तासांचं होतं हे मला माहितीये, नोकरी करून हे जड जातं हे पण माहितीये. पण तुझे लेक्चर एकदा झालेत, त्यामुळे सगळे परत बघायचेच नाहीत. चॅप्टर घ्यायचा, इन्स्टिट्यूटच्या मॉड्यूलमध्ये शेवटी 'टेस्ट युवर नॉलेज' असतं त्यातले प्रश्न वही मिटून सोडवायचे, जे आले ते सोडून द्यायचं, जिथे अडलं तेवढाच लेक्चरचा तुकडा बघायचा. दोन आठवडे हे केलंस की तुलाच कळेल की १९० तासांतले ४० तास तुझ्या कामाचे आहेत.

आमच्या वेळी, २००५ साली, मी पीई-टू (इंटरच्या जागी तेव्हा असलेली परीक्षा) दिली तेव्हा ऑनलाइन वगैरे काही नव्हतं, सरांकडे फुलस्केप कागदावर ॲमलगमेशनचं, म्हणजे कंपन्यांच्या विलीनीकरणाचं, एक अख्खं उदाहरण सोडवायला दीड तास बसायचो. सर उत्तर सांगायचेच नाहीत, बॅलन्सशीट टॅली होत नाही ना, मग शोध, एवढंच म्हणायचे. तेव्हा मला त्यांचा फार राग यायचा. आज क्लायंटची ट्रायल बॅलन्स टॅली होत नसते तेव्हा मी ज्या क्रमाने शोधते तो क्रम त्या दीड-दीड तासांतून आलाय. तू घरी एकटी अभ्यास करतेस, तुला थांबवायला कोणी नाही, सोल्यूशन बोटाच्या अंतरावर आहे, म्हणून ही शिस्त स्वतःच लावावी लागेल. ऑनलाइनमध्ये खरी अडचण एवढी एकच आहे. शिकवणारे चांगले आहेत, पुण्यातल्या वर्गात ३०० मुलांत मागच्या बाकावर बसून जे दिसेल त्यापेक्षा तुला घरी जास्त स्पष्ट दिसतं. त्यामुळे पुण्याला जाण्याचं माझं स्पष्ट मत, नको. रूम, मेस, क्लास, तो खर्च करून पण तू तिथे लेक्चर बघून वहीत उतरवूनच घेणार असशील तर ३४ चे ३८ होतील.

आता जुन्या व्हिडिओंबद्दल, कारण तू लिहिलंयस की काही टॉपिक फ्रीमध्ये जिथे मिळाले तिथे बघितले. हे जपून. तीन-चार गोष्टी मला पेपर तपासताना सारख्या दिसतात आणि त्या सगळ्या जुन्या किंवा भलत्याच व्हिडिओतून आलेल्या असतात. बॅलन्सशीट डेटनंतर डिक्लेअर केलेला डिव्हिडंड लायबिलिटी म्हणून दाखवतात, एएस ४ मध्ये २०१६ साली बदल झाला, आता तो नोट्समध्ये सांगायचा, प्रोव्हिजन करायची नाही. लाँग टर्म लोनचा पुढच्या वर्षभरात फेडायचा भाग 'अदर करंट लायबिलिटीज'मध्ये टाकतात, कंपनी कायद्याच्या शेड्युल ३ मधल्या १ एप्रिल २०२१ पासूनच्या बदलानंतर तो 'शॉर्ट टर्म बॉरोइंग्ज'मध्ये जातो. आणि सगळ्यात जास्त घोळ म्हणजे एएस आणि इंड एएस (आंतरराष्ट्रीय स्टँडर्डवर बेतलेला वेगळा संच) यांची भेळ. इंटरला एएस आहेत, इंड एएस फायनलला. 'लीज अकाउंटिंग' असं सर्च केलंस की इंड एएस ११६ नाहीतर परदेशातल्या परीक्षेचा व्हिडिओ समोर येतो, त्यात लीज घेणाऱ्यासाठी ऑपरेटिंग आणि फायनान्स हा भेदच जवळजवळ राहिलेला नाही, आणि तुझ्या एएस १९ चा तर सगळा डोलारा त्याच भेदावर उभा आहे. रेव्हेन्यूचं पण तसंच, तिकडे पाच स्टेप शिकवतात, तुला एएस ९ लिहायचंय. शिकवणारा चुकीचं सांगत नसतो, तो दुसऱ्या परीक्षेचं सांगत असतो, पण आपल्याला फरक कळेपर्यंत ते डोक्यात बसलेलं असतं. टॅक्सचा तर जुना व्हिडिओ उघडूच नकोस, दरवर्षीच्या फायनान्स ॲक्टने आकडे बदलतात, त्यात नवा आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा, म्हणजे कलमांचे नंबरसुद्धा वेगळे. तुझ्या अटेम्प्टला नेमकं काय लागू आहे ते इन्स्टिट्यूटच्या साइटवर बघून मगच पुस्तक किंवा लेक्चर घ्यायचं.

एआयला विचारते असं पण तू लिहिलंयस. कन्सेप्ट मराठीत समजून घ्यायला विचार, काही हरकत नाही, पण तिथेही हीच भेळ होते, मी स्वतः बघितलंय, एएस विचारलं तर मध्येच इंड एएसचा नियम येतो आणि वाक्यं इतकी ठाम असतात की शंकाच येत नाही. मॉड्यूल उघडून ताडून बघितल्याशिवाय वहीत काही लिहायचं नाही.

नवीन कोर्स विकत घेण्याबद्दल विचारलंस. आत्ता नको. इन्स्टिट्यूटच्या बोर्ड ऑफ स्टडीजचे लाइव्ह क्लासेस फुकट आहेत, रेकॉर्डिंगही बघता येतात, मॉड्यूल, आरटीपी (उजळणीचे प्रश्न), एमटीपी (सराव पेपर), जुन्या पेपरांचे सजेस्टेड आन्सर्स सगळं साइटवर फुकट आहे. आणि पुढे कधी घ्यायचा झालाच तर फी विचारायच्या आधी व्ह्यूज किती (एक लेक्चर किती वेळा बघता येतं), व्हॅलिडिटी किती महिने, आणि लॅपटॉप बिघडून फॉरमॅट करावा लागला तर लायसन्स दुसऱ्या मशीनवर चालू करून देतात का, हे लेखी घे. माझ्याकडच्या एका मुलाचा परीक्षेला ५० दिवस असताना लॅपटॉप गेला, आणि ॲक्टिव्हेशन परत मिळेपर्यंत त्याचे १७ दिवस फोन करण्यात गेले. डाउनलोडची सोय आहे का तेही बघ, बार्शीत पावसाळ्यात लाइट आणि नेट दोन्हीचा भरवसा नसतो.

इंग्रजीचं तू शेवटी एका ओळीत लिहिलंयस, 'माझं मराठी मीडियम आहे', पण मला वाटतं तुला मनातून त्याचीच भीती जास्त आहे. पेपर इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतो, मराठीत नाही, त्यामुळे इंग्रजीला पर्याय नाही हे खरं. पण अकाउंट्सला लागणारं इंग्रजी फार थोडं आहे गं. स्टँडर्डवरचा थिअरी प्रश्न आला तर आधी स्टँडर्ड काय म्हणतं ते दोन वाक्यांत, मग इथे दिलेल्या केसमध्ये काय झालंय ते, मग म्हणून काय करायला पाहिजे ते. सुरुवात 'ॲज पर एएस २' अशीच करायची, रोज तशीच, त्यात लाज कसली. प्रत्येक स्टँडर्डची अशी चार-पाच वाक्यं मॉड्यूलच्याच भाषेत पाठ होईपर्यंत लिहून काढ. समजून मराठीतच घे, माझं स्वतःचं गणित आजही मनात मराठीतच चालतं, क्लायंटशी बोलताना पण मी मराठीतच समजावते, फक्त कागदावर इंग्रजी.

आणि वर्किंग नोट्स! प्रश्नपत्रिकेवरच छापलेलं असतं की वर्किंग नोट्स उत्तराचा भाग धरल्या जातील, तरी मुलं त्या शेवटच्या पानावर पेन्सिलने खरडतात. तपासणाऱ्याला फायनल आकडा चुकलेला दिसला की तो वर्किंगमध्ये बघतो की कुठपर्यंत बरोबर होतं, तिथपर्यंतचे मार्क मिळतात. नंबर घालून, हेडिंग देऊन, मुख्य उत्तराच्या लगेच खाली लिहायच्या. निकालानंतर महिन्याभराच्या आत उत्तरपत्रिकेची सर्टिफाइड कॉपी ऑनलाइन मागवता येते, मुदत संपायच्या आत तुझ्या अकाउंट्सची मागव. स्वतःच्या ३४ मार्कांच्या पेपरवर जे शिकायला मिळेल ते कुठल्याच फास्टट्रॅकमध्ये नाही. पान उलटत प्रत्येक गेलेल्या मार्काशेजारी लिही, येतच नव्हतं, येत होतं पण आकडा चुकीचा उचलला, का वेळच उरला नाही. माझा अंदाज आहे की तिसरा प्रकार बराच निघेल.

कारण वेळेचं गणित तू कधी केलंच नाहीयेस. १८० मिनिटं, त्यात ३० मार्कांचे एमसीक्यू आणि ७० मार्क लिहायचे. एमसीक्यूला केस वाचण्यासकट ४५ मिनिटं दिलीस तर उरली १३५, म्हणजे १४ मार्कांच्या प्रश्नाला २७ मिनिटं. घरी घड्याळ लावून २७ मिनिटांत एक कॅश फ्लो पूर्ण होतो का बघ. पहिल्यांदा नाही होणार, ४० मिनिटं लागतील. आठ-दहा वेळा केल्यावर होतो. इंटरला एमसीक्यू चुकला तर मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल रिकामा सोडायचा नाही. आणि मॉक टेस्ट घरी टेबलावर देऊ नकोस, सोलापूरला इन्स्टिट्यूटची ब्रँच आहे, तिथे फिजिकल मॉकचं शेड्युल कधी आहे ते विचारून ठेव, बार्शीहून सकाळच्या एसटीने येऊन दे. अनोळखी जागेत, इतर मुलांच्या पानं उलटण्याच्या आवाजात ३ तास सलग लिहिणं ही वेगळीच गोष्ट आहे, आणि तुला त्याची सवय नाही.

राहिला सप्टेंबर का जानेवारी. माझ्या मते जानेवारी, आणि कारण तुझं ऑफिस. टॅक्स कन्सल्टंटकडे जुलैपासून रिटर्न सुरू होतात, सप्टेंबरमध्ये ऑडिट रिपोर्टची धांदल, तुला सुट्टी कोण देणार? आणि निकाल लागून सप्टेंबरपर्यंत राहतात जेमतेम दोन महिने, तेवढ्यात १८ मार्कांची दरी भरायची तर परत लेक्चर २ च्या स्पीडने पळवावे लागतील. जानेवारीसाठी सुट्टी डिसेंबरात लागते, तेव्हा ऑफिसातलं मोठं काम उरकलेलं असतं, जीएसटीचं ॲन्युअल रिटर्न तेवढं राहतं. ऑक्टोबरपर्यंत सकाळी साडेपाच ते साडेसात फक्त अकाउंट्स, पेन-कागद, लेक्चर अजिबात नाही, रात्री दमल्यावर टॅक्सचं किंवा लॉचं वाचन. रविवारी ३ तासांचा एक अख्खा पेपर. नोकरी सोडू नकोस, घरी पैसे येतायत म्हणून तुझ्या अभ्यासाला विरोध कमी आहे, हे तुझ्या मेसेजमधून कळतंय मला. फक्त तुझ्या ऑफिसातल्या सरांशी आत्ताच, ऑडिटची धांदल अंगावर यायच्या आधी, बोलून ठेव की सप्टेंबरला मी रात्री ९ पर्यंत थांबेन, पण १ डिसेंबरपासून परीक्षेपर्यंत मला बिनपगारी सुट्टी लागेल.

आणि वरच्या एएस २ च्या उदाहरणात बनवलेले युनिट १८,००० आणि विकलेले १५,००० धरून सोडव, वर्किंग नोटसकट, इंग्रजीत, आणि त्या पानाचा फोटो मला पाठव.